क्रॉसमॅच, डीएसए, एमएफआय: प्रत्यारोपणाआधीचे अँटीबॉडी रिपोर्ट वाचताना

सूक्ष्मदर्शी

प्रत्यारोपणाची तयारी सुरू झाली की घरात एक जाड फाईल तयार होते. त्यातली बरीचशी पानं घरच्यांना वाचता येतात, कारण क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन पाहून पाहून पाठ झालेलं असतं. गाडी अडते ती एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या पानांवर. 'डीएसए पॉझिटिव्ह, एमएफआय २३००' एवढी एक ओळ दिसते आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. उलटही होतं. 'क्रॉसमॅच निगेटिव्ह' वाचून सगळे निर्धास्त होतात आणि पुढच्या पानावरचा तक्ता कुणी उघडतच नाही.

मी एचएलए प्रयोगशाळेत काम करते. उपचाराचा निर्णय तुमच्या प्रत्यारोपण टीमचाच, त्यात मी पडणार नाही. पण त्या टीमला नेमका प्रश्न विचारता यावा इतकी समज घरच्यांना असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

फाईलमध्ये साधारण तीन तऱ्हेच्या तपासण्या असतात आणि त्या तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एचएलए टायपिंग सांगतं की रुग्णाच्या आणि दात्याच्या पेशींवर कोणत्या खुणा आहेत. अँटीबॉडी स्क्रीनिंग सांगतं की रुग्णाच्या रक्तात परक्या खुणांविरुद्ध आधीपासून काही तयार आहे का. आणि क्रॉसमॅचमध्ये रुग्णाचं सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा, अँटीबॉडी असलेला द्रव) आणि याच दात्याच्या पेशी प्रत्यक्ष समोरासमोर आणून काय होतं ते पाहतात.

टायपिंगमध्ये ६ पैकी ३ जुळणं म्हणजे 'अर्धवट', आणि अर्धवट म्हणजे धोका, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली असतात आणि आईकडून एक संच, वडिलांकडून एक संच असा वारसा येतो. त्यामुळे आईवडील आणि मूल यांच्यात निम्मं जुळणं हाच नियम आहे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्मं जुळण्याची दोनात एक आणि काहीच न जुळण्याची चारात एक. अगदी शून्य जुळणीवरही किडनी प्रत्यारोपणं होतात आणि चालतात. न जुळणाऱ्या खुणेविरुद्ध रुग्णाकडे अँटीबॉडी आधीच तयार असेल, तर मात्र गोष्ट वेगळी असते.

एबीओ रक्तगटाविरुद्धच्या अँटीबॉडी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासूनच असतात. एचएलएविरुद्धच्या सहसा तशा नसतात, त्या कमावलेल्या असतात. गर्भारपण, रक्त किंवा प्लेटलेट चढवणं आणि आधीचं प्रत्यारोपण हे त्यांचे तीन मुख्य रस्ते. गर्भपात झाला असेल तर तोही यात धरा. माहिती घेताना लोक तो सांगत नाहीत, आणि प्रयोगशाळेला नेमकी तीच माहिती हवी असते.

क्रॉसमॅच का करतात, याचं उत्तर १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी दिलं. त्यांच्या मालिकेत क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना ३० जणांना किडनी बसवली गेली होती, त्यांपैकी २४ जणांची तात्काळ निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत हा आकडा ८ होता. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं जवळपास बंद झालं.

त्या काळची पद्धत म्हणजे सीडीसी, आणि ती आजही करतात. छोट्याशा ट्रेमधल्या एका खाचेत तेलाच्या थराखाली १ मायक्रोलीटर सीरम, त्यात दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी), मग सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणारी प्रथिनं. अँटीबॉडी पेशीला चिकटली असेल तर कॉम्प्लिमेंट पेशीला भोक पाडतं आणि रंग आत शिरतो. फ्लुरोसंट रंग वापरले तर सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या केशरी-लाल. एकेक खाच पाहून गुण द्यायचे: जवळपास सगळ्या जिवंत असतील तर १, जवळपास सगळ्या मेल्या असतील तर ८. रिपोर्टवर नुसतं 'निगेटिव्ह' लिहिलेलं असतं, तेव्हा त्यामागे कुणीतरी डोळ्यांनी केलेलं हे वाचन असतं.

नंतर फ्लो क्रॉसमॅच आली. तिला पेशी मरण्याची गरज नाही, अँटीबॉडी चिकटली एवढं पुरतं. त्यानंतर ल्युमिनेक्स सिंगल अँटिजेन बीड्स. यात पेशीच नसतात. प्लास्टिकच्या सूक्ष्म बीड्सवर एकेक एचएलए खूण चिकटवलेली असते आणि कोणत्या बीडवर रुग्णाची अँटीबॉडी बसली ते यंत्र उजेडावरून मोजतं. त्या उजेडाचा आकडा म्हणजे एमएफआय. दात्याकडे असलेल्या खुणेविरुद्ध अशी अँटीबॉडी सापडली की तिला डीएसए म्हणतात.

आता विचारा. आपले रिपोर्ट इथे टाकायचे असतील तर नाव, नोंदणी क्रमांक आणि हॉस्पिटल झाकून टाका.

प्रतिसाद – रानवारा

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. पत्नीला किडनी हवी आहे आणि दाता मी आहे. आम्हाला दोन मुलं आहेत. रिपोर्ट असा: सीडीसी निगेटिव्ह, फ्लो टी-सेल निगेटिव्ह, फ्लो बी-सेल पॉझिटिव्ह. ल्युमिनेक्समध्ये डीएसए डीक्यू७, एमएफआय ४८००. तिला आजवर रक्त कधीच चढवलेलं नाही. एक तपासणी नाही म्हणते, दुसरी हो म्हणते. यातली चुकीची कोणती?

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

रानवारा, चुकीची एकही नाही. तुमचे सगळे निकाल एकमेकांशी उत्तम जुळताहेत. कसे ते सांगते.

एचएलएचे दोन वर्ग असतात. ए, बी आणि सी हे पहिल्या वर्गातले, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रक असलेल्या पेशीवर सापडतात. डीआर, डीक्यू, डीपी हे दुसऱ्या वर्गातले, ते मोजक्याच पेशींवर. टी-सेल आणि बी-सेल हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार. बी-सेलवर दोन्ही वर्ग असतात, शांत असलेल्या टी-सेलवर फक्त पहिला. म्हणून टी आणि बी दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तर पहिल्या वर्गाविरुद्धची अँटीबॉडी असण्याचा संशय येतो, दुसऱ्या वर्गाचीही सोबत असू शकते. नुसती बी पॉझिटिव्ह आली तर दुसरा वर्ग, किंवा पहिल्या वर्गाची अगदी कमजोर अँटीबॉडी. टी पॉझिटिव्ह आणि बी निगेटिव्ह हे मात्र एचएलएच्या हिशोबात बसत नाही. तिथे आम्ही आधी तांत्रिक कारण शोधतो.

डीक्यू७ दुसऱ्या वर्गातलं आहे, त्यामुळे फक्त बी पॉझिटिव्ह येणं अगदी अपेक्षित. सीडीसी निगेटिव्ह आली कारण ती तिन्हींत सर्वात कमी संवेदनशील. पेशी मरायला अँटीबॉडी भरपूर लागते आणि ती कॉम्प्लिमेंटला जागं करणाऱ्या प्रकारची असावी लागते.

आता इतिहास. रक्त चढवलेलं नाही, पण दोन बाळंतपणं झाली आहेत. मुलांच्या अंगात निम्म्या खुणा तुमच्या. पत्नीच्या शरीराची डीक्यू७शी ओळख झाली असेल तर ती बाळाच्या मार्फत. दोघांपैकी एका मुलाचं टायपिंग झालेलं असेल आणि त्यात डीक्यू७ असेल, तर ही अँटीबॉडी खरी आहे आणि तिच्यामागे स्मृतिपेशी बसल्या आहेत असं मी धरेन. स्मृती असली की प्रत्यारोपणानंतर ती भराभर वाढू शकते. म्हणून पती दाता आणि मुलं झालेली पत्नी रुग्ण, या जोडीत ४८०० हा आकडा मी हलका समजणार नाही. हाच आकडा परक्या खुणांशी कधीही संबंध न आलेल्या पुरुषाच्या रिपोर्टवर असता तर मी आधी त्या बीडवर शंका घेतली असती.

टीमला दोन गोष्टी विचारा. जुनी सीरम साठवलेली आहेत का आणि त्यांत हा डीक्यू७ किती होता? आणि तुमच्या टायपिंगमध्ये डीक्यूच्या अल्फा आणि बीटा दोन्ही साखळ्या पाहिल्या आहेत का? डीक्यूचा रेणू दोन साखळ्यांचा बनतो. 'डीक्यू७' हे नाव बीटा साखळीवरून पडतं, पण अँटीबॉडी कधी अल्फा साखळीविरुद्ध असते, कधी दोघींच्या ठरावीक जोडीविरुद्ध.

प्रतिसाद – नेफ्रॉन

सूक्ष्मदर्शींच्या लेखनाला मनापासून +१. मी किडनीचा डॉक्टर आहे, थोडं रुग्णाच्या पलंगाजवळच्या बाजूने लिहितो.

एचएलए अँटीबॉडीमुळे टी-सेल सीडीसी पॉझिटिव्ह असेल तर त्या अवस्थेत आम्ही पुढे जात नाही. किडनी टेबलावरच काळीनिळी पडू शकते. फ्लो पॉझिटिव्ह आणि सीडीसी निगेटिव्ह असताना लगेच निकामी होण्याचा धोका बराच कमी, पण पहिल्या काही आठवड्यांत अँटीबॉडीमुळे होणारं रिजेक्शन आणि पुढे किडनीचं आयुष्य घटणं हे धोके खरे आहेत. फ्लोही निगेटिव्ह आणि फक्त बीडवर डीएसए असेल तर धोका आणखी खाली येतो, शून्य होत नाही.

वाटा दोन. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलून, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटीबॉडी), रिटक्सिमॅब वगैरे औषधं देऊन अँटीबॉडी खाली आणायची आणि मग प्रत्यारोपण करायचं. किंवा स्वॅप: तुमची किडनी दुसऱ्या जोडीतल्या रुग्णाला आणि त्या जोडीतल्या दात्याची किडनी तुमच्या पत्नीला. स्वॅप उपलब्ध असेल आणि डायलिसिसवर थांबणं रुग्णाला झेपत असेल, तर मी आधी तोच शोधा म्हणतो. अँटीबॉडीशी झुंज देण्यापेक्षा तिला वळसा घालणं रुग्णासाठी जास्त सुरक्षित. इम्लिफिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) हेही आलं आहे. ते आयजीजी या प्रकारच्या अँटीबॉडीचे काही तासांत तुकडे करतं. युरोपात त्याला २०२० साली सशर्त मान्यता मिळाली. पण अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी ते मारत नाही, म्हणून काही दिवसांत अँटीबॉडी परत डोकं वर काढते.

प्रतिसाद – चौकस

सगळं वाचलं, तरी माझा प्रश्न सरळ आहे. एमएफआय कितीच्या खाली चालेल? कुणी १००० म्हणतं, कुणी २०००, कुणी ५०००. एक आकडा ठरवून का टाकत नाहीत?

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

चौकस, या प्रश्नासाठीच खरं तर मला धागा काढायचा होता. जरा लांब लिहिते.

एमएफआय म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण नव्हे. हिमोग्लोबिन १० म्हणजे डेसिलीटरमागे १० ग्रॅम, ते कुठेही मोजा. एमएफआय ५००० म्हणजे ५००० कसले, याला उत्तर नाही. ते यंत्राने पाहिलेल्या उजेडाचं माप आहे. बीडवर खूण किती दाट चिकटवली आहे, कोणत्या कंपनीची कीट, कोणता लॉट, सीरमवर आधी काय प्रक्रिया केली, यावर ते हलतं. एकच सीरम दोन प्रयोगशाळांत दिलं तर आकडे वेगळे येतात, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या क्रॉसमॅचशी ताडून आपली सीमारेषा ठरवते. एका ठिकाणचा २००० दुसरीकडच्या २०००शी जोडून 'वाढलं', 'घटलं' म्हणू नका. तुलना करायची तर त्याच प्रयोगशाळेत, आणि शक्य असेल तर जुनं आणि नवं सीरम एकाच दिवशी शेजारी शेजारी लावून.

आकडा फसवा ठरतो असे प्रसंग मी नेहमी पाहते.

एक, बीड भरून जातं. समजा दोन रुग्णांचा आकडा सारखाच, १८०००. सीरम १६ पट पातळ केलं. पहिल्याचा आकडा २०००वर आला, दुसऱ्याचा १७०००वरच राहिला. मूळ रिपोर्टवर दोघे सारखे दिसत होते. प्रत्यक्षात दुसऱ्याकडे अँटीबॉडी कितीतरी जास्त आहे, बीडवर जागा संपल्यामुळे ती दिसत नव्हती एवढंच. प्लाझ्मा बदलून पहिल्याला उपयोग होण्याची आशा आहे, दुसऱ्याच्या बाबतीत फार कठीण. असं पातळ करत जाऊन मोजणं म्हणजे टायटर. म्हणून जास्त आकडे असतील तर 'टायटर करून पाहिलं का' असं विचारा.

दोन, याच्या उलट. अँटीबॉडी इतकी जोरदार की सीरममधलं कॉम्प्लिमेंट बीडवर जमतं, आणि तपासणीत वरून घातलेली, उजेड देणारी दुसरी अँटीबॉडी आतपर्यंत पोचतच नाही. आकडा खोटाच कमी दिसतो. आम्ही याला प्रोझोन म्हणतो. ईडीटीए हे रसायन घालून किंवा सीरम पातळ करून पुन्हा लावलं की १५००चे १६००० झालेले दिसतात. सीरमवर ही प्रक्रिया रोजच करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आपली करते का, हे विचारण्यात गैर काही नाही.

तीन, बीडवरची खूण मोडलेली असते. एचएलएचा रेणू बीडवर चिकटवताना कधी त्याची घडी उलगडते आणि एरवी आत दडलेला भाग उघडा पडतो. काहींच्या रक्तात त्या उघड्या भागाविरुद्ध अँटीबॉडी असतात. जिवंत पेशीवर तो भाग दिसतच नाही, त्यामुळे बीड चमकतं आणि फ्लो स्वच्छ निगेटिव्ह येते. कधीच रक्त चढवलं नाही, गर्भारपण नाही, आधीचं प्रत्यारोपण नाही, आणि मधूनच एखादं बीड ४०००वर? तिथे थांबून विचार करायचा. अशा एका बीडमुळे चांगला दाता नाकारला गेला तर रुग्णाचं नुकसान होतं, आणि ते रिपोर्टवर कुठेच दिसत नाही.

आणि चौथा प्रसंग, जो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तक्ता कसा दिसतो ते डोळ्यांसमोर आणा: डावीकडे खुणांची नावं, उजवीकडे आडव्या पट्ट्या, सर्वात लांब पट्टी वर. समजा पट्ट्या अशा आहेत: बी५७ ३४००, बी५१ ३२००, ए२४ २८००, बी४४ २७००, ए३२ २६००, ए२३ २५००, बी२७ २४००. त्याखाली एकदम ३०० आणि २००. दात्याकडे ए२४ आणि बी४४. कुणी फक्त आकडे पाहिले तर म्हणेल, दोन्ही ३०००च्या आत आहेत, हरकत नाही.

पण या सगळ्या नावांमध्ये एक समान तुकडा आहे, बीडब्ल्यू४. एकाच आडनावाची माणसं वेगवेगळ्या घरांत राहावीत तसा तो अनेक बी खुणांवर असतो, शिवाय ए२३, ए२४, ए२५ आणि ए३२वरही असतो. रुग्णाकडे सात कमजोर अँटीबॉडी नाहीत. एक दणकट अँटीबॉडी आहे, आणि ती सात बीड्समध्ये वाटली गेली आहे. दात्याच्या पेशीवर तोच तुकडा ए२४वरही आहे आणि बी४४वरही, म्हणजे तिथे तिला दुहेरी पकड मिळते. अशा वेळी फ्लो जोरदार पॉझिटिव्ह आली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून सरसकट एक आकडा ठरवता येत नाही. आम्ही आधी नक्षी पाहतो, मग इतिहास, मग क्रॉसमॅच, आणि आकडा त्यानंतर.

प्रतिसाद – पानगळ

धागा वाचनखुणेत साठवला. भावाची पहिली किडनी गेली, दुसऱ्यासाठी यादीत आहे. त्याच्या रिपोर्टवर सीपीआरए ९६% आहे. आम्हाला सांगितलं की दाता मिळणं अवघड. म्हणजे ९६% रिजेक्शन होणार असा अर्थ आहे का? आम्ही तीन बहिणी आहोत, पण हा आकडा ऐकून तपासणीलाच कुणी गेलो नाही.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

पानगळ, आधी एकच सांगते: तिघी तपासणीला जा. कारण पुढे देते.

सीपीआरए म्हणजे रिजेक्शनची टक्केवारी नाही. तुमच्या भावाच्या अँटीबॉडींची यादी घेऊन संगणक विचारतो, अनोळखी १०० दात्यांपैकी किती जणांकडे यातली निदान एक तरी खूण असेल? उत्तर ९६. म्हणजे एचएलएच्या बाजूने १००त ४ दाते चालण्यासारखे, रक्तगटाची अट वेगळी. वरच्या टोकाला दशांशही महत्त्वाचा असतो. ९९% म्हणजे १००त एक, ९९.९% म्हणजे हजारात एक. रिपोर्टवर दोन्ही ९९ किंवा १०० असे गोळाबेरीज करून लिहिलेले असू शकतात, तर नेमका आकडा मागून घ्या.

पण हा हिशोब अनोळखी दात्यांचा आहे. सख्ख्या भावंडांना तो लागूच होत नाही. प्रत्येक बहिणीची तुमच्या भावाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिघींपैकी निदान एकीची जुळण्याची शक्यता ६४पैकी ३७, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. आणि जी पूर्ण जुळेल तिच्यावर भावाला परकी वाटेल अशी एचएलए खूणच नसेल. त्याच्या सगळ्या अँटीबॉडी त्या बहिणीच्या किडनीला लागू पडणार नाहीत, सीपीआरए १०० असला तरी. निम्मी जुळणारी बहीणही वगळू नका, तिच्या दुसऱ्या संचातल्या खुणा यादीत नसू शकतात. यादीत आहेत की नाहीत हे टायपिंग झाल्यावर कागदावरच समजतं. त्याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात.

आणखी एक. सीपीआरए कोणत्या खुणा 'नको' यादीत टाकल्या त्यावर ठरतो. सीमारेषा १००० धरली तर ९६, ४००० धरली तर कदाचित ८५. दर काही महिन्यांनी यादीची फेरतपासणी होते का, हे विचारत राहा.

प्रतिसाद – निर्झर

माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत विचित्र झालं. ल्युमिनेक्समध्ये एकही डीएसए नाही, पण बी-सेल क्रॉसमॅच जोरदार पॉझिटिव्ह. त्याला मूत्रपिंडाच्या मूळ आजारासाठी काही आठवड्यांपूर्वी रिटक्सिमॅब दिलं होतं. सगळे म्हणताहेत दाता बाद.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

निर्झर, दाता बाद धरण्याआधी प्रयोगशाळेला आजच हे कळवा. रिटक्सिमॅब ही स्वतःच एक अँटीबॉडी आहे, बी-सेलवरच्या सीडी२० या रेणूला ती चिकटते. मेव्हण्याच्या सीरममध्ये ती अजून फिरत असणार, आणि परीक्षानळीत ती दात्याच्या बी-सेलला चिकटते. तपासणी पॉझिटिव्ह येते, पण ती औषधाची. दिल्यानंतर काही महिने हे होऊ शकतं. प्रयोगशाळा दात्याच्या पेशींवर प्रोनेज नावाचं विकर वापरून सीडी२० काढून टाकू शकते, किंवा बीड्सच्या निकालावर जास्त भर देऊ शकते. बीड्सवर सीडी२० नसतं, म्हणून ल्युमिनेक्सला हा त्रास होत नाही.

एटीजी, आयव्हीआयजी, डाराट्युमुमॅब ही औषधंसुद्धा क्रॉसमॅच बिघडवू शकतात. स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तरी पॉझिटिव्ह येते, ते ओळखायला रुग्णाचं सीरम रुग्णाच्याच पेशींबरोबर लावतात, त्याला ऑटो-क्रॉसमॅच म्हणतात. सीडीसीमध्ये डीटीटी हे रसायन घातल्यावर पॉझिटिव्हची निगेटिव्ह झाली तर ती आयजीएम या प्रकारची अँटीबॉडी होती असं धरतात. अशी आयजीएम बहुधा एचएलएशी संबंध नसलेली आणि निरुपद्रवी निघते.

सगळ्यांनाच विनंती: नमुना देताना फॉर्मवर औषधाचं नाव आणि तारीख लिहा. रक्त चढवलं असेल तर त्याची तारीखही. त्यानंतर अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी सीरम पुन्हा तपासतात. आणि दात्याचं रक्त जिवंत पेशींसाठी घेतलेलं असतं. ते दिवसभर उन्हात किंवा फ्रिजमध्ये राहिलं तर पेशी मरतात आणि तपासणीच वाया जाते.

प्रतिसाद – चौकस

अवांतर विचारतो. एबीओ न जुळणाऱ्या प्रत्यारोपणात 'टायटर १:६४' असं लिहितात, ते यातच मोडतं का? आणि यकृताला हे सगळे नियम लागतात का?

प्रतिसाद – नेफ्रॉन

एबीओचं टायटर वेगळं आहे. ए किंवा बी रक्तगटाविरुद्धची अँटीबॉडी किती वेळा दुप्पट पातळ केल्यावरही दिसते, ते त्यात मोजतात. १:६४ आणि १:१२८ यांत एकाच पायरीचा फरक आहे आणि एवढा फरक नुसत्या तपासणीतही पडतो. एका पायरीने वाढलं म्हणून घाबरू नका, दोनतीन पायऱ्यांनी वाढलं तर लक्ष द्या. आयजीजी आणि आयजीएमचे आकडे वेगवेगळे मागा.

यकृत एचएलए अँटीबॉडींना बरंच सोसतं, म्हणून तिथे क्रॉसमॅचवर एकटीवर निर्णय सहसा अडत नाही. हृदय, फुप्फुस आणि स्वादुपिंडात मात्र डीएसएला पूर्ण किंमत आहे. जाता जाता बोनमॅरोवाल्यांसाठी: अर्ध्या जुळणीच्या दात्याविरुद्ध डीएसए असेल तर नवीन मॅरो न रुजण्याचा धोका वाढतो, त्यामुळे तिथेही ही तपासणी करतात.

प्रत्यारोपण झाल्यावर धागा संपत नाही, हेही लिहून ठेवतो. नव्याने तयार होणाऱ्या डीएसएमध्ये डीक्यूविरुद्धच्या सर्वात जास्त दिसतात, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे गोळ्या चुकवणं. क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी डीएसए दिसू शकते. ती दिसली तर बायोप्सी करून किडनीत प्रत्यक्ष काय चाललंय ते पाहावं लागतं. नुसत्या बीडवर उपचार करत नाहीत.

प्रतिसाद – रानवारा

ताई, डॉक्टर, दोघांचेही आभार. प्रयोगशाळेत विचारलं. धाकट्या मुलाचं टायपिंग करून घेतलं, त्यात डीक्यू७ आहे. पत्नीचं जुनं सीरमही होतं, त्यात तीच अँटीबॉडी थोडी जास्त होती. टीमशी बोलून आम्ही स्वॅपसाठी नाव नोंदवायचं ठरवलं. आता तिथे आमच्याकडून काही राहून जाऊ नये म्हणून काय पाहू?

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

छान केलंत. जुन्या सीरमची माहिती फार मोलाची आहे, ती स्वॅपच्या फाईलमध्ये स्पष्ट लिहून घ्या. अँटीबॉडी पुढे आपोआप उतरली तरी डीक्यू७ 'नको' यादीतून काढायचा नाही, असं टीमला मुद्दाम विचारून पक्कं करा.

दुसरं, धाकट्या मुलाचं संपूर्ण टायपिंग हातात आहे, तर तुमच्याकडून त्याला आलेला संच आता नेमका कळतो. थोरल्याला कदाचित दुसरा संच गेला असेल, त्याचंही जमलं तर करून घ्या. त्या संचांतल्या इतर खुणांविरुद्ध पत्नीची कमजोर अँटीबॉडी आहे का, हे तक्त्यात खालच्या पट्ट्यांपर्यंत जाऊन पाहायला सांगा. नवीन दात्याकडे त्यातली एखादी खूण असू शकते.

तिसरं, स्वॅपमधल्या दात्याचं टायपिंग ए, बी, डीआर एवढ्यावर थांबलेलं नको. सी, डीक्यूच्या दोन्ही साखळ्या, डीपी, आणि डीआर५१, ५२, ५३ हेही हवेत. ही शेवटची तीन टायपिंगमध्ये बरेचदा राहून जातात. उदाहरणार्थ डीआर४, डीआर७ किंवा डीआर९ असलेल्या दात्याबरोबर डीआर५३ बहुतेक वेळा येतंच.

शस्त्रक्रियेआधी ताज्या सीरमवर क्रॉसमॅच पुन्हा होईल. तोपर्यंत पत्नीला रक्त चढवण्याची वेळ आली, तर आधी टीमला विचारा आणि नंतर प्रयोगशाळेला कळवा. मोठा ताप, जंतुसंसर्ग किंवा लस झाली तरी कळवा, त्यानंतर कधी कधी अँटीबॉडी हलतात. दाता ठरला की त्याचा तक्ता इथे टाका, मी पाहीन.